मोंढ्यातल्या मसाल्याची जपानी करी: वजनकाटा, थर्मामीटर आणि येसर

हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉपवर अ‍ॅनिमे (जपानी कार्टून) बघत मॅगी खाणाऱ्या पोरांना जपानी करी तोंडपाठ असते, चव मात्र माहीत नसते. ताटात एका बाजूला पांढरा चिकट भात, दुसऱ्या बाजूला चमच्यावर थांबेल इतकं दाट तपकिरी कालवण आणि त्यात बटाट्या-गाजराच्या मोठाल्या फोडी. रस्सा म्हणावा तर वर तर्री नाही, वरण म्हणावं तर डाळ नाही. ऑनलाइन या करीच्या मसाल्याची तयार वडी मिळते, पण ती महाग पडते. शिवाय बऱ्याच वड्यांमध्ये प्राण्यांची चरबी असते, त्यामुळे शाकाहारी घरात पाकीट उघडण्याआधी त्यावर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, हे बघावं लागतं. पाकिटावर नुसतं जपानी लिहिलेलं असेल तर फोनच्या कॅमेऱ्यातलं भाषांतर कामाला येतं. पण चरबीच्या बाबतीत त्या भाषांतरावर विसंबू नका, शंका आली तर पाकीट बाजूला ठेवा.

माझं म्हणणं सरळ आहे. ही वडी घरी होते, तिला लागणारा मसाला आपल्या मोंढ्यातच, म्हणजे धान्य-मसाल्याच्या बाजारात, मिळतो आणि ज्याला प्रयोगांची खोड आहे त्याच्यासाठी याहून सोयीचा पदार्थ नाही. आपल्या रश्श्यात वाटण, फोडणी, मसाला, पाणी सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. कशामुळे काय बदललं ते सांगता येत नाही. जपानी करीचे भाग सुटे असतात. कांदा-भाजी-मटण वेगळं शिजतं, दाटपणा आणि मसाला एका वडीतून येतो आणि शेवटची चव वरून घालतात. एक भाग बदला, बाकीचे जागेवर ठेवा, फरक लगेच कळतो.

वडी म्हणजे काय? तुपात किंवा चरबीत भाजलेलं गव्हाचं पीठ, त्यात मसाला, मीठ, साखर. या भाजलेल्या पिठाला रू म्हणतात. घरी केलेली पहिली वडी मावशीच्या हातात दिली तेव्हा तिनं ती नाकाशी नेली, नखानं कोपरा खरवडून जिभेवर ठेवला न् म्हणाली, "हे तर तुपातलं येसरच की रे! एवढ्यासाठी जपानहून मागवायलास का?" लातूर, बीड, धाराशिवकडच्या वाचकांना येसर सांगायला नको. इतरांसाठी: बाजरी किंवा गहू, हरभरा डाळ, तांदूळ असं धान्य आणि मसाले भाजून एकत्र दळलेलं पीठ. आमटी दाट आणि मसालेदार करायला ते कालवून लावतात. काम तेच, फक्त येसरात तूप नसतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची कृती परकी वाटत नाही.

ही करी जपानला थेट भारतातून गेली नाही. मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ दरम्यान, इंग्रजांची डब्यातली करी पावडर तिथं पोचली. १९०८ च्या जपानी नौदलाच्या एका पाककृती-पुस्तकात पीठ चरबीत भाजून त्यात करी पावडर घालायची कृती आहे, म्हणजे रू निदान तेव्हापासून तरी आहे. आजही त्यांच्या नौदलात शुक्रवारी करी-भात असतो. १९२७ साली क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे तोक्योच्या शिंजुकू भागातल्या नाकामुराया या दुकानात भारतीय पद्धतीची करी मिळू लागली, पण घराघरांत गेली ती वडीचीच. सफरचंद आणि मधाची चव असलेली व्हर्मॉन्ट करी नावाची वडी १९६३ मध्ये आली, तर पाकीट गरम करून खायची बॉन करी १९६८ मध्ये. तोक्योत जुन्या पुस्तकांचं जिम्बोचो आणि इलेक्ट्रॉनिक्स-अ‍ॅनिमेचं अकिहाबारा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि दोन्हीकडे करीची दुकानं भरपूर. कारण असं सांगतात की ही चमच्यानं खायची, दुसरा हात पुस्तकाला मोकळा राहतो. कीबोर्डला म्हणा हवं तर.

आधी लागणारी हत्यारं

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा घ्या. यावर तडजोड नको. 'दोन चमचे पीठ' म्हणजे एकाचे पंधरा ग्रॅम, दुसऱ्याचे तीस. दाटपणाचा प्रयोग तिथंच बाद.

दुसरा, टोचायचा डिजिटल थर्मामीटर. आणल्या आणल्या उकळत्या पाण्यात धरून बघा. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच आहे, तिथं पाणी १०० ला नव्हे तर ९८ अंशांच्या आसपास उकळतं. थर्मामीटर ९८ दाखवत असेल तर तो बिघडलेला नाही, परत करायला जाऊ नका.

तिसरं म्हणजे जाड बुडाची कढई. इंडक्शन असेल तर त्याच्या पाटीवरचे तापमानाचे आकडे फारसे मनावर घेऊ नका. ते काचेखालच्या सेन्सरचे असतात, कढईतल्या पिठाचे नव्हेत. शिवाय रू अर्ध्यावर असताना लाईट गेली तर कढईच्या तापानं पीठ पुढं भाजत राहतं आणि तुम्ही मेणबत्ती शोधत राहता. रू गॅसवर करा, इंडक्शनवर पाणी तापवा.

एअर फ्रायर घरात आधीच असेल तर कटलेटसाठी उपयोगी आहे, त्याबद्दल पुढं. या एका भाजीसाठी मात्र विकत घेऊ नका. वायफायवरची कढई, बोलणारा मिक्सर, असल्या गोष्टींवर मी एक रुपया घालणार नाही.

करी पावडर

हे साधारण ६० ग्रॅमचं प्रमाण आहे, पाच वेळा पुरतं:

धणे २० ग्रॅम, हळद १०, जिरे ८, बडीशेप ४, लाल तिखट ४, मेथीदाणा ३, काळी मिरी ३, दालचिनी २, वेलदोडे २, सुंठ २, लवंग १, आणि चिमूटभर जायफळ.

आपल्या डोळ्याला यात दोन गोष्टी खटकतील. हळद फार आहे आणि तिखट फार कमी. दोन्ही मुद्दाम आहे. जपानी करीचा सोनेरी-तपकिरी रंग हळदीनं येतो आणि तिची ओळख तिखटपणात नाही, गोडसर उष्ण वासात आहे. हळद वसमतची मिळाली तर उत्तम; हिंगोली जिल्ह्यातल्या या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मोंढ्यात हळकुंड घेऊन दळून आणा, सुट्या पावडरीत काय मिसळलंय ते सांगता येत नाही.

हळद, तिखट, सुंठ आणि जायफळ सोडून बाकीचं मंद आचेवर कोरडं भाजा. मेथी सगळ्यात शेवटी टाका आणि लालसर व्हायच्या आत उतरवा. मेथी जळली की अख्खा मसाला कडू. गार झाल्यावर दळा, चाळा, हळद-तिखट-सुंठ-जायफळ मिसळा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत आठवडाभर मुरू द्या. दळल्या दिवशी एकेका मसाल्याचा वास वेगवेगळा येतो, मुरल्यावर एकच येतो. घाई असेल तर त्याच दिवशी वापरा, बिघडत काही नाही.

काळा मसाला वापरून चालेल का, हा प्रश्न येणारच. चालेल, पण मग ती जपानी करी राहणार नाही. दगडफूल आणि भाजलेलं खोबरं आलं की जीभ थेट आपल्या मटणाच्या रश्श्याकडं जाते. तो प्रयोग नंतरसाठी राखून ठेवा.

रूची वडी

चार-पाच जणांसाठी: तूप ५० ग्रॅम, मैदा ५० ग्रॅम, करी पावडर १२ ग्रॅम. बस.

लोणी वापरलं तरी चालतं, पण लोण्यात पाणी असतं. ते उडेपर्यंत पीठ भाजायला लागत नाही आणि वजनाचा हिशेबही चुकतो. तुपात ही कटकट नाही.

तूप वितळलं की मैदा घाला आणि मंद आचेवर हलवत राहा. पहिल्या दोन-तीन मिनिटांत मिश्रण घट्ट गोळ्यासारखं वाटतं, मग हळूहळू सैल होऊन वाहायला लागतं. इथं अनेक जण घाबरून आणखी मैदा टाकतात. टाकू नका, ते असंच होतं. बारा ते पंधरा मिनिटांत रंग पांढऱ्यावरून फिका बदामी, मग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा होतो आणि बेसन भाजताना येतो तसा खमंग वास सुटतो. आपल्याला तिथंच थांबायचंय.

आणखी गडद करायचा मोह होतो, पण त्याची किंमत आहे. पीठ जितकं जास्त भाजाल तितकी त्यातल्या स्टार्चची पाणी धरून दाट करायची ताकद घटते. गडद रूला चव जास्त, दाटपणा कमी. गडद हवा असेल तर मैदा ६०-६५ ग्रॅमपर्यंत वाढवा. वडीवरचा सगळ्यात शिकवणारा प्रयोग हाच: फिकी, मध्यम, गडद अशा तीन वड्या, तेवढंच पाणी, आणि तिन्हींचा दाटपणा शेजारी शेजारी.

गॅस बंद केल्यावर अर्धं मिनिट थांबा आणि मगच करी पावडर घाला. कढईत राहिलेला ताप मसाला फुलवायला पुरतो. आच चालू ठेवून घातली तर हळद आणि तिखट काळवंडतं. मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये किंवा छोट्या वाटीत ओतून फ्रिजमध्ये जमू द्या. मार्च ते जून ही वडी ओट्यावर ठेवलीत तर संध्याकाळपर्यंत तिचं पातळ झालेलं असतं, तेव्हा फ्रिजच बरा.

आता करी

कांदा ४०० ग्रॅम उभा चिरून, बटाटा ३०० ग्रॅम, गाजर २०० ग्रॅम, कोंबडीचे लेग पीस हाडं काढून ४०० ग्रॅम, पाणी ७५० मिली, मीठ सुरुवातीला १० ग्रॅम, आलं-लसूण थोडं. शाकाहारी घरात कोंबडीऐवजी ८० ग्रॅम सोया चंक्स. लातूरच्या बाजारात सोयाबीनच्या थप्प्या बघत मोठे झालेल्यांनी ते कधी नीट करून खाल्लेले नसतात, कारण त्यांचा कच्चट वास कुणी काढत नाही. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा आणि थोड्या तेलात सोया सॉस घालून कडा तांबूस होईपर्यंत परता. मग ते खाण्यालायक होतात.

कांद्याला वेळ द्या. मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं, मधूनमधून चमचाभर पाणी शिंपडून बुडाला चिकटलेलं तांबूस सोडवत. वेळ नसेल तर जपानी घरांतली एक युक्ती आहे: चिरलेला कांदा आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवायचा. बर्फाच्या स्फटिकांनी कांद्याच्या पेशी फुटतात, पाणी लवकर सुटतं आणि परतायचा वेळ बराच वाचतो. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकूनही रंग लवकर येतो, मात्र तो खरंच चिमूटभर हवा, नाहीतर कांद्याचा लगदा होतो आणि साबणासारखी चव येते.

कांदा झाला की त्यात कोंबडी परता, गाजर आणि पाणी घाला, उकळी आली की वरचा फेस काढा. पाच-सात मिनिटांनी बटाटा टाका. मटण असेल तर ते कांद्याबरोबर कुकरमध्ये आधी शिजवून घ्या, बटाटा कुकरला दाखवूसुद्धा नका. तो फुटला की करी दाट होते खरी, पण तो दाटपणा रूचा की बटाट्याचा ते कळत नाही, आणि मग प्रयोग कशाचा करता?

बोअरचं पाणी जड असेल तर पिण्याचं, जारचं किंवा फिल्टरचं पाणी वापरा. कॅल्शियम जास्त असलेल्या पाण्यात भाज्यांमधलं पेक्टिन (पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा घटक) कडक राहतं आणि बटाटा तासभर शिजवला तरी मधे गाठ लागते. आंबटाचंही तसंच. टोमॅटो किंवा चिंच घालायची तर बटाटा सुरीला लागेनासा झाल्यावर.

बटाटा शिजला की गॅस बंद करा आणि तीन-चार मिनिटं थांबा. उकळत्या पाण्यात वडी टाकली की बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो, आतला कोरडा राहतो आणि गुठळ्या होतात. डावभर गरम पाणी वाटीत घेऊन वडी त्यात पूर्ण विरघळवा, ते पातेल्यात ओता, मगच पुन्हा मंद आच लावा. दाटपणा लगेच येत नाही. दहा मिनिटं हलवत राहिलात की येतो. बुडाला हात लावून हलवा, रूची करी खाली फार लवकर लागते.

उष्टा चमचा आणि मध

या कृतीतलं सगळ्यात मजेचं रसायनशास्त्र इथं आहे.

चव घेतलेला चमचा परत पातेल्यात घालू नकोस, हे आपल्याकडं प्रत्येक लेकराला सांगितलेलं असतं. या करीत त्या नियमाला एक जास्तीचं कारण आहे. लाळेत अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते स्टार्च तोडतं. उकळत्या करीत ते टिकत नाही, पण करी कोमट झाल्यावर उष्टा चमचा पडला तर रात्रीतून तिचं पाणी होऊ शकतं. पडताळायचं असेल तर दोन वाट्यांत कोमट करी घ्या, एकीत उष्टा चमचा ढवळा, दुसरीत धुतलेला, आणि तासाभरानं दोन्ही वाट्या तिरक्या करा. मग दोन्ही फेकून द्या.

मधातही हेच विकर असतं आणि ते उष्णतेला बऱ्यापैकी तग धरतं. म्हणून मध घालायचा तर रू घालायच्या आधी, आणि वीसेक मिनिटं उकळू द्यायचा. मी तर गूळ वापरतो. तो आधीच कढलेला असतो, विकराचा प्रश्न नाही, आणि दहा ग्रॅममध्ये काम होतं.

शेवटी वरून घालायच्या चवी: सोया सॉस एक मोठा चमचा (त्यात साधारण अडीच ग्रॅम मीठ येतं, हिशेबात धरा), टोमॅटो केचप एक चमचा, इन्स्टंट कॉफी पाव चमचा किंवा डार्क चॉकलेटचा छोटा तुकडा, किसलेलं अर्धं सफरचंद. सगळं एकदम घालू नका. कॉफीनं रंग आणि किंचित कडवटपणा येतो, सफरचंदानं आंबटगोडपणा, सोया सॉसनं तो मांसल स्वाद ज्याला जपानी लोक उमामी म्हणतात; किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या काढ्यातून त्याचं मूळ म्हणून ग्लुटामेट वेगळं काढलं. ते शेवाळ आपल्याकडं मिळायला अवघड. सुकवलेली शिताके मशरूम ऑनलाइन मिळतात; दोन-तीन भिजवून त्यांचं पाणी वापरलं तर शाकाहारी करीला अंग येतं.

सफरचंदाऐवजी मे-जूनमध्ये मराठवाड्याच्या केशर आंब्याची फोड किसून घाला, झकास लागतं. जालन्याच्या मोसंबीचा रस मात्र घालू नका. मोसंबीचा रस तापवला किंवा नुसता ठेवला तरी कडवट होत जातो.

भात इंद्रायणी किंवा आंबेमोहोराचा करा, किंचित चिकट. बासमतीवर ही करी घरंगळून जाते. तोंडी लावायला मुळा, काकडी, गाजराच्या पातळ चकत्या सोया सॉस, साखर आणि व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवा. आणि कटलेट हवं असेल तर एअर फ्रायर काढा: शिळ्या पावाचा चुरा आधी चमचाभर तेलात तव्यावर सोनेरी परतून घ्या, मग पनीरला किंवा कोंबडीला लावा. नुसता कोरडा चुरा एअर फ्रायरमध्ये पांढराच राहतो.

येसरचा प्रयोग, आणि तो खरा आहे का हे तपासणं

मूळ कृती एकदा हातात बसली की येसरकडं वळा. ५० ग्रॅम मैद्याऐवजी २५ ग्रॅम मैदा आणि ३५ ग्रॅम येसर घ्या. येसर थोडं जास्त लागतं, कारण भरड दळलेलं धान्य मैद्याइतकं दाट करत नाही. ते आधी वस्त्रगाळ करा, नाहीतर करी जिभेला रवाळ लागते. येसरमध्ये मसाला आधीच असतो, म्हणून करी पावडर १२ वरून ७ ग्रॅमवर आणा. आणि ते आधीच भाजलेलं असतं, म्हणून तुपात मैदा बदामी झाल्यावर शेवटच्या दोन मिनिटांत घाला. गहू नको असणाऱ्यांनी ज्वारीचं पीठ वापरून बघावं. ते तुपात नीट भाजलं आणि रू घातल्यावर पंधरा-वीस मिनिटं जास्त शिजवलं तरच कच्चटपणा जातो.

आता घरचे सगळे म्हणतील 'छान झालंय'. त्यावर विश्वास ठेवू नका. खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळांत वापरतात ती तीन वाट्यांची चाचणी करा. प्रत्येकापुढं तीन वाट्या ठेवायच्या, दोनमध्ये एकच करी, तिसरीत बदललेली. वाट्यांवर अ, ब, क लिहू नका, लोक 'अ' ला उगाच वरचढ धरतात. ४७२, ९१५ असले कसेही आकडे लिहा. तिन्ही सारख्याच गरम हव्यात. प्रश्न एकच: वेगळी कोणती? चांगली कोणती, हे नंतर.

नुसत्या अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता तिनात एक. सहा जणांत चौघांनी बरोबर ओळखलं तर खूश होऊ नका, तेवढं किंवा त्याहून जास्त नशिबानं जुळण्याची शक्यता सुमारे १० टक्के आहे. पाच किंवा सहाही जणांनी ओळखलं तर ती २ टक्क्यांच्याही खाली येते, म्हणजे फरक खराच आहे असं धरायला हरकत नाही. पाव चमचा कॉफीनं 'खोली येते' म्हणणाऱ्यांना हे करून बघायला सांगा. येसरची वाटी मात्र आमच्याकडं न चुकता ओळखली जाते, आणि मावशीचं मत विचारायची गरजही पडत नाही, वाटी चाटून पुसून ठेवलेली असते.

नोंदी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा आणि प्रोग्रॅमिंग येत असेल तर ती फाइल गिटमध्ये, म्हणजे फाइलमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या प्रणालीत, टाका. एका कमिटमध्ये, म्हणजे एका नोंदीत, एकच बदल: 'मैदा ५० वरून ५५', 'गूळ १० वरून ५'. तीन महिन्यांनी मागं जाऊन कुठली करी कशामुळं जमली होती ते दिसतं. गिट नको असेल तर स्प्रेडशीट, तीही नको तर वही. फक्त 'चवीनुसार' हा शब्द त्यात कुठंही नको.

एआय चॅटबॉटला या कामात जागा आहे, पण मदतनिसाची. पाच जणांची कृती बावीस जणांसाठी वाढवून दे, ग्रॅमचा तक्ता कर, या नोंदींतला फरक शोध, असली कामं तो चटकन करतो. बेरजा एकदा स्वतः तपासा. हल्ली लहान मॉडेलं साध्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालतात, नोंदी बाहेर न पाठवता हे सगळं घरच्या घरी होतं. पण त्याला चव विचारू नका. येसरबद्दल विचारलं तर तो त्यात काय काय असतं ते ठामपणे सांगेल, आणि ती यादी तुमच्या आजीच्या यादीशी जुळेलच असं नाही. अशा वेळी आजीचं खरं धरा. शिळी करी खावी का, हे तर अजिबात त्याच्यावर सोडू नका. त्याचं उत्तर पुढं देतो.

शिळी करी आणि मराठवाड्याचा उन्हाळा

जपानी करी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, असं सगळे सांगतात, आणि खरं आहे. म्हणून तिथंही लोक पातेलं रात्रभर शेगडीवर ठेवतात आणि आजारी पडतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळण्यानं मरत नाहीत. दाट करीत तळाशी हवा कमी असते, ती त्यांना मानवते. त्यांची वाढ सगळ्यात वेगानं होते ती ४३ ते ४७ अंशांच्या आसपास. परभणी-नांदेडात मे महिन्याच्या दुपारी बाहेरचा पाराच तिथवर जातो. म्हणजे अशा दिवसांत ओट्यावरची करी त्या टप्प्यातून लवकर खाली उतरत नाही, तिथंच मुक्काम करते. सकाळी पुन्हा उकळून घेतली की झालं, असं नाही; उकळीपेक्षा आदल्या रात्री ती किती वेळात गार झाली, हे महत्त्वाचं.

नियम असा: ५७ वरून २१ अंशांवर दोन तासांच्या आत, आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत. खोल पातेल्यात हे होत नाही. करी पसरट स्टीलच्या डब्यांत दोन-तीन बोटं उंचीनं ओता, डबे परातीतल्या पाण्यात ठेवा, पाण्यात बर्फ टाका, मधूनमधून स्वच्छ चमच्यानं हलवा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, म्हणून परातीतलं पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडांना घालायचं, हे सांगायला नकोच.

ज्यांच्याकडं सोल्डरिंग गन आहे त्यांच्यासाठी छान काम आहे. ईएसपी३२ हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड, डीएस१८बी२० हा पाण्यात चालणारा तापमानाचा सेन्सर आणि डेटा-तारेपासून ३.३ व्होल्टपर्यंत ४.७ किलोओमचा रेझिस्टर, एवढ्यावर दर मिनिटाचं तापमान नोंदवणारं यंत्र होतं. हा सेन्सर उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत मोजतो आणि उणे १० ते ८५ अंशांदरम्यान अर्ध्या अंशाच्या आत बरोबर असतो. मात्र स्वस्त सेन्सरची नळी आणि तारेचं आवरण अन्नासाठी बनवलेलं नसतं, करीत बुडवू नका. त्याऐवजी करीइतकीच दाट पिठाची कांजी उकळा, डब्यात करीच्याच उंचीनं ओता, सेन्सर तिच्या मधोमध ठेवा आणि आलेख काढा. एकदा खोल पातेलं ओट्यावर, एकदा पसरट डबा परातीत. कांजीच का, पाणी का नको? पाणी गार होताना आतल्या आत फिरतं, दाट पदार्थ फिरत नाही, म्हणून तो फार हळू गार होतो. साध्या पाण्याचा आलेख तुम्हाला खोटा दिलासा देईल. एप्रिलमध्ये आणि डिसेंबरमध्ये वेगवेगळे आलेख काढून फ्रिजच्या दारावर चिकटवा. रोजच्या करीला मग टोचायच्या थर्मामीटरनं दोन तासांनी एकदा तपासलं की पुरे.

फ्रिजमधली करी दोन-तीन दिवसांत संपवा. ती जमून घट्ट झालेली असेल. डावभर पाणी घालून मंद आचेवर हलवत पूर्ण उकळी येऊ द्या, नुसती कोमट करून वाढू नका. फ्रीझरमध्ये महिनाभर राहते, पण गोठवायच्या आधी बटाट्याच्या फोडी काढून खाऊन टाका. गोठून सुटल्यावर त्यांचा स्पंज होतो, गरम करताना पाणी सोडतात आणि करी पातळ होते. खायच्या दिवशी नवा बटाटा वेगळा उकडून घाला.